चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पटकी हा शब्द आता मराठी घरांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. जुन्या माणसांच्या शिव्याशापांत तो क्वचित ऐकू येतो, इतकेच. एके काळी मात्र या शब्दाने गावेच्या गावे ओस पडत. पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ उद्भवली की ती परतणाऱ्या वारकऱ्यांसोबत गावोगावी पोहोचे. लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. याखेरीज त्यांच्या हाती फारसे काही नव्हते, आणि खरे सांगायचे तर वैद्य-डॉक्टरांच्या हातीही नव्हते.

या रोगाचे माहेरघर गंगेच्या मुखाशी, बंगालमध्ये. त्याच्यावरील विजयाची कथाही बहुतांशी तेथेच घडली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचे जंतू ओळखले आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात ते असल्याचे दाखवून दिले. परंतु जंतू माणसाला मारतो कसा, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी तुटपुंज्या साधनांनिशी सशाच्या आतड्यावर प्रयोग केले आणि १९५९ मध्ये सिद्ध केले की, जंतूने सोडलेल्या विषामुळे आतडे शरीरातील पाणी बाहेर टाकू लागते. रोगी मरतो तो त्या पाण्याच्या आणि क्षारांच्या अभावी. डे यांच्या या कामाची देशात त्या वेळी व्हावी तशी कदर झाली नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

गेलेले पाणी परत भरून काढले तर रोगी वाचतो, हे त्यापूर्वीही ठाऊक होते. शिरेतून सलाईन देण्याचा उपाय कोलकात्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारला होता. मात्र त्याला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधणारा शिकलेला हात हवा. साथ नेमकी येते ती जेथे यांपैकी काहीच नसते तेथे. तोंडाने पाणी पाजावे, तर आतडे ते शोषून घेणार नाही, अशी समजूत होती.

ही समजूत १९६० च्या दशकात ढासळली. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत मिठातील सोडियमही ओढून घेतात, आणि सोडियममागोमाग पाणी जाते. पटकीतही हे दार उघडेच राहते. नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पुरे पडत नाही. योग्य प्रमाणात साखर मिसळली की तेच पाणी अंगी लागते. ढाका आणि कोलकाता येथील संशोधकांनी रुग्णांवर हे पडताळून पाहिले. १९६८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. पण रुग्णालयातील देखरेखीखाली जे जमले, ते बाहेर जमेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

ती परीक्षा १९७१ मध्ये अकस्मात समोर आली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून येत होते. सीमेजवळच्या बनगाव येथे लहानशा रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर, मलमूत्रात पडलेले होते. तेथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ही पूड कोलकात्यात मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली जाई व गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली जात. बनगावात ती पिंपातल्या पाण्यात कालवली जाई आणि पेल्याने रोग्याला पाजली जाई. पाजणारे हात परिचारिकांचे नव्हते, कारण त्या पुरेशा नव्हत्याच. आया, भाऊ, मुले, जे कोणी रोग्याजवळ होते, त्यांनी ते पाजले. सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. जेथे पूर्वी शंभरातले वीस-तीस दगावत, तेथे मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

वैद्यकीय जगाने या आकड्यांकडे आरंभी संशयानेच पाहिले. साखर-मिठाच्या पाण्याला औषध म्हणणे विद्वत्तेला रुचत नसावे. पण १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने आपल्या संपादकीयात, ग्लुकोज व सोडियमच्या या जोडीचा शोध शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याची पुडकी देशोदेशी पोहोचवली.

स्वतंत्र बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने तर पुडक्याचीही वाट पाहिली नाही. १९८० पासून दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या लाखो घरांत गेल्या आणि तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे प्रमाण त्यांनी आयांना शिकवले. मीठ जास्त झाले तर अपाय होतो; म्हणून आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने तपासले जात. विशेष म्हणजे कार्यकर्तीचे मानधन, शिकवलेले आयांच्या किती लक्षात राहिले, यावर ठरे. शिक्षणक्षेत्रातील कोणालाही हेवा वाटावा, किंवा धडकी भरावी, अशी ही रीत!

डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना जाहीर झाला तो जानेवारी २०२३ मध्ये, मरणोत्तर. आज ओआरएसचे पुडके औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, अतिसार झालेल्या दहा मुलांपैकी सुमारे सहांनाच ते मिळाले होते. उरलेल्या घरांत पुडके पोहोचले नव्हते, असे प्रत्येक वेळी नसते. पुष्कळदा आईवडिलांना सुई किंवा सलाईन हवे असते, आणि केवळ पूड लिहून देणाऱ्या डॉक्टरने काहीच केले नाही, असे त्यांना वाटते.