धुराड्यांपलीकडचा धूर

1954 आणि 1955 मध्ये चेंबूरलगतच्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले, 1965 मध्ये खतकारखाना आला आणि चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव चिकटले. नावात दोष धुराड्यांचा आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. 1950 च्या दशकारंभी रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसमध्ये दाखवले की नायट्रोजन ऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि ऊन एकत्र आले की हवेतच ओझोन तयार होतो. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटा ऑक्सिजन अणू ओझोन घडवतो. एरवी या फुटण्यातून उरलेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन लगेच खाऊन टाकतो. हायड्रोकार्बनपासून बनलेले पेरॉक्सी मूलक मात्र त्या नायट्रिक ऑक्साइडचे परस्पर पुन्हा डायऑक्साइड करतात आणि ओझोन उरतो. म्हणजे हा वायू कोणत्याच चिमणीतून निघत नाही, आणि उगमापासून दूर वाऱ्याच्या दिशेला वाढू शकतो. घाटकोपर-मुलुंडने चेंबूरकडे बोट दाखवून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. खारा वारा सगळे धुऊन नेतो, असा आक्षेप येईल. पावसाळ्यात ते बरेचसे खरे. हिवाळ्यात मात्र रात्री समुद्रावर गेलेली हवा दुपारी परतही येते. शिवाय द्रुतगती महामार्गांवरच्या गाड्या नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन्ही उपनगरांच्या दारातच सोडतात.