मामाळच्या अमात्याला आलेला आदेश

सॉफ्टवेअर बांधायच्या सूचना वेगळ्या फाइलीत का लिहून ठेवायच्या, हा प्रश्न संगणकवाल्यांचा, असं आपण समजतो. आम्हाला तो कार्ल्याच्या लेण्यांतही दिसतो.

आधी संगणकाचं पाहू. लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोगा करायचा तर कंपायलर कोणता, लायब्ररी कुठली, क्रम कोणता, हे ठरवावं लागतं. प्रोग्रामरनं ते डोक्यात ठेवलं तर एखादी पायरी हमखास सुटते. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं, ते अशाच एका प्रसंगावरून. सहकाऱ्यानं चूक दुरुस्त केली होती, पण प्रोग्राम नव्यानं बांधलाच गेला नव्हता. सकाळ फुकट गेली. काय कशावर अवलंबून आहे ते 'मेकफाइल'मध्ये लिहिलं, की ते एकाच्या डोक्यात अडकून राहत नाही.

आता आपल्या मावळात या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं वलूरक लेण्यांत, म्हणजे कार्ल्याला, वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हटवलं. मग गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जाणारा आदेश मामाळच्या अमात्याच्या नावे निघाला. मामाळ म्हणजेच मावळ. गाव तेच. सवलती मोजून सांगितल्या आहेत: राजपुरुषांनी आत शिरू नये, कशाला हात लावू नये, मिठासाठी खणू नये.

डोंगरात मीठ कोण खणणार, असं तुम्ही म्हणाल. पण नाशिकच्या लेण्यांतल्या गौतमीपुत्राच्या आदेशातही हीच यादी आहे. साचा एकच, अमात्य, गाव, लेणं एवढं जागेप्रमाणे बदलायचं. नाशिकचा आदेश तर तोंडी दिलेला होता, तो लिहून घेतला आणि सवलतींची नोंद करायला सांगितलं.

यात भिक्षूंचं काय पणाला लागलं होतं? त्यांचं अन्नवस्त्र. अधिकाऱ्याच्या मर्जीवर किंवा आठवणीवर ते सोडून चालणार नव्हतं.

पण नुसतं लिहिलेलं पुरतं का? उषवदाताचा लेख दगडात होता, तरी राज्य बदलल्यावर नवा आदेश काढावा लागला. फेल्डमन यांच्या सहकाऱ्याची दुरुस्तीही लिहिलेली होतीच. लागू झाली नव्हती. नोंद टिकते ती दगडामुळे. ती खरी राहते ती मात्र बदल झाला की पुन्हा हात लावणाऱ्या माणसामुळे.