कुत्र्यांच्या जागी आलेले यंत्र : स्नोमोबाइल आणि तिच्या सुरक्षेचा इतिहास

मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक करार सल्लागार बैठकीत भारताने ‘मैत्री-२’ या नव्या संशोधन केंद्राचा संकल्प जाहीर केला. तेव्हापासून या विषयावर जे लेखन होते, ते बहुधा इमारत, वीजपुरवठा आणि प्रयोगशाळा यांच्याभोवती फिरते. केंद्राबाहेर पडलेला संशोधक ज्या वाहनावर बसून कामाच्या ठिकाणी जातो, त्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. ते वाहन म्हणजे स्नोमोबाइल : पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलीसारखे आसन. गुलमर्गला गेलेल्या अनेकांनी ती भाड्याने घेऊन चालवली असेल. दिसायला ती मोटारसायकलीची बहीण आहे आणि हे साम्यच फसवे आहे. ती कशी चालवावी आणि कशी राखावी याचे आज जे नियम आहेत, त्यांतील बहुतेकांच्या मागे एखादे मोडलेले यंत्र किंवा हरवलेला माणूस आहे.

स्नोमोबाइलच्या आधी बर्फावर ओझे ओढत ते कुत्रे. अंटार्क्टिकावर आज कुत्रा नेता येत नाही. १९९१च्या माद्रिद मसुद्यानुसार १ एप्रिल १९९४ पूर्वी सर्व कुत्रे तेथून हलवणे बंधनकारक झाले, कारण त्यांच्यापासून सीलना रोग होण्याची भीती होती. निर्णय योग्यच होता. पण कुत्र्यांबरोबर एक गोष्ट गेली, तिची नोंद फारशी घेतली गेली नाही. कुत्र्यांचा ताफा म्हणजे दोरांनी बांधलेली, पुष्कळ पायांवर विखुरलेली वजनांची माळ. बर्फात दडलेल्या भेगेवरचे छत पुढच्या कुत्र्याखाली खचले, तर तो पट्ट्याला लोंबकळत राहतो, मागचे नखे रोवून थांबतात आणि चालकाला क्षणभर अवधी मिळतो. यंत्राला नखे नाहीत आणि भीतीही नाही. पुढे जमीन आहे की पोकळी, याने इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही.

अर्थात कुत्रेही सर्वज्ञ नव्हते. १४ डिसेंबर १९१२ रोजी डग्लस मॉसन यांच्या तुकडीत तिघे जण ओळीने चालले होते. सर्वांत पुढे झेव्हियर मर्ट्झ स्कीवर होते. ते भेगेवरच्या हिमसेतूवरून पार झाले. त्यामागे मॉसन घसरगाडीवर बसलेले होते. तेही पार झाले. तिसरे बेलग्रेव्ह निनिस आपल्या घसरगाडीशेजारून पायी चालत होते. ते, त्यांचे कुत्रे, तंबू आणि बहुतेक सगळे अन्न भेगेत नाहीसे झाले. मर्ट्झ परतीच्या वाटेवर दगावले. मॉसन एकटे तळावर पोहोचले.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाकडे आकड्यांतून पाहावे. स्की आणि घसरगाडी वजन पसरवतात. बूट ते एका ठिकाणी एकवटतात. समजा, स्नोमोबाइल आणि स्वार मिळून ३८० किलोग्रॅम आहेत आणि पट्ट्याचा बर्फाला टेकलेला भाग ३८ सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांब आहे. स्कींचा आधार सोडून दिला, तरी दाब सुमारे ८ किलोपास्कल येतो. आता तोच स्वार खाली उतरतो. अवजड कपड्यांसह नव्वद किलोचा हा माणूस एक पाऊल उचलतो, त्या क्षणी सगळे वजन दुसऱ्या बुटावर असते आणि दाब तीस किलोपास्कलच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ चौपट. गाडीने निर्धोक ओलांडलेल्या बर्फातून माणूस खाली जाऊ शकतो तो यामुळे. हिमभेगांच्या प्रदेशात गाडी बंद पडली, तर सळईने बर्फ तपासल्याशिवाय पाय खाली टेकवू नये, हा नियम इथून येतो. गाडीवर बसून राहणे नेहमीच सुरक्षित असते असा मात्र याचा अर्थ नाही. बूट आरपार जाण्याचा प्रश्न दाबाचा आहे. पण संपूर्ण हिमसेतू वाकून मोडण्याचा प्रश्न एकूण वजनाचा आहे आणि तेथे गाडीच अधिक धोकादायक ठरते. म्हणूनच भेग ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडतात. भेगेला समांतर जाणारी गाडी आपले सगळे वजन एकाच सेतूवर जास्तीत जास्त वेळ ठेवते.

यंत्राच्या देखभालीची गोष्ट रॉबर्ट स्कॉट यांच्यापासून सुरू करावी लागते. १९१०च्या मोहिमेसाठी त्यांनी पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांच्या जडणघडणीत अभियंता रेजिनाल्ड स्केल्टन यांचा मोठा वाटा होता आणि नॉर्वेतील चाचण्यांनाही ते हजर होते. पुढे नौदलातील हुद्द्यांच्या वादातून स्केल्टन यांनाच मोहिमेतून वगळण्यात आले. यंत्र गेले, त्याचे दुखणे ओळखणारा मागे राहिला. (आपल्याकडे महागडी उपकरणे आणून ती चालवणारा तंत्रज्ञ न नेमणाऱ्या संस्थांनी हा प्रसंग भिंतीवर लावावा.) जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवतानाच एक गाडी समुद्रावरचा बर्फ फुटून तळाशी गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ रोजी निघाल्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापर्यंत दोन्ही टाकून द्याव्या लागल्या. त्यानंतर त्यांच्यासोबतच्या चौघांनी ओझे स्वतः ओढले.

गाड्या कशाने गेल्या? थंडीने, असे उत्तर सुचते. प्रत्यक्षात त्या गेल्या उष्णतेने. इंजिने हवेने थंड होणारी होती. जड ओझे घेऊन संथ गतीने जाताना सिलिंडरभोवती पुरेशी हवा खेळत नसे. थोडे अंतर गेले की इंजिन अतितप्त होई. निवण्यासाठी थांबावे, तर तोवर कार्ब्युरेटर इतका गार पडे की पेट्रोलची वाफ होईना. शेवटी दोन्ही गाड्यांत इंजिनाच्या दांड्याचे बेअरिंग फुटले. एकाच यंत्राचा एक भाग होरपळतो आणि दुसरा गोठतो, हा ध्रुवीय यंत्रांचा मूळ रोग आहे. शंभर वर्षांनंतरही तो गेलेला नाही, हे पुढे येईलच.

आजची स्नोमोबाइल मात्र वेगळ्याच दुःखातून जन्मली. जानेवारी १९३४ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावात जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए या तरुण गॅरेजवाल्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील संसर्गाने गेला. रस्ते बर्फाखाली होते. इस्पितळ गाठता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग ते आधीपासून करत होतेच, पण त्या रात्री उपयोगी पडेल असे काही हाताशी नव्हते. त्यांनी शोधलेला उपाय वरवर किरकोळ वाटतो : पट्टा फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकावर रबराचे आवरण आणि पट्टाही रबरी. १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या पहिल्या गाड्या सात-बारा माणसे नेणाऱ्या बंद मोटारी होत्या आणि त्या डॉक्टर, टपाल व शाळकरी मुलांसाठी वापरल्या जात. एका माणसाची हलकी ‘स्किडू’ १९५९ मध्ये आली. ते नाव कंपनीचे असले, तरी अंटार्क्टिकातील मोहिमांच्या बोलीत ते या जातीच्या सर्वच गाड्यांना चिकटले आहे.

हलकेपणासाठी या गाड्यांत दीर्घकाळ दोन-धावी इंजिने बसवली गेली आणि येथे देखभालीचा सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. अशा इंजिनात पेट्रोलसोबत येणारे तेलच वंगणाचे काम करते. तापमान उणे तीस अंश सेल्सिअस असताना हवा दहा अंशांवरील हवेपेक्षा सुमारे १६ टक्के अधिक दाट असते. कार्ब्युरेटर जुन्याच मापाचा ठेवला, तर मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी होते. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. उंचीवर नेमके उलटे घडते : साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असल्याने मिश्रणात इंधन जास्त होते, मेणबत्ती म्हणजे स्पार्क प्लग काजळतो आणि ताकदही जवळपास अर्ध्यावर येते. सियाचिनसारख्या ठिकाणी ही दोन्ही कारणे एकाच वेळी, एकमेकांविरुद्ध काम करतात. संवेदकांवर चालणाऱ्या आधुनिक इंधन-फवारणीने हा हिशेब यंत्राकडे सोपवला आहे. जुन्या गाडीत तो माणसालाच करावा लागतो, आणि तोही हातमोजे काढून.

सियाचिनवर स्नो-स्कूटर किती मोलाची आहे, हे एका प्रशासकीय प्रसंगाने देशाला कळले. १९९८ मध्ये मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना या वाहनांच्या खरेदीची फाइल मंत्रालयात रेंगाळली होती. फर्नांडिस यांनी संबंधित अधिकाऱ्यांना सियाचिनवर जाऊन राहून येण्याचा आदेश दिला. हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. पण खरेदी ही गोष्टीची सुरुवात आहे. तेथे गाडीपाठोपाठ सुटे पट्टे, प्लग, तेल आणि ते बदलू शकणारे हातही वर पोहोचावे लागतात.

आता स्कॉट यांच्या रोगाकडे परत येऊ. बऱ्याच आधुनिक गाड्या द्रवाने थंड होतात. तो द्रव आसनाखालच्या बोगद्यात बसवलेल्या उष्णता-विनिमयकातून फिरतो आणि पट्ट्याने उडवलेला हिमकणांचा फवारा त्याला थंड करतो. पट्टा ज्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्यांवरून सरकतो, त्यांनाही हाच हिमकणांचा मारा गारवा आणि वंगण देतो. मैत्री केंद्राच्या दक्षिणेला मात्र पसरलेला आहे तो निळा, काचेसारखा कठीण बर्फ. त्यावर भुसभुशीत हिम नाही, म्हणून फवारा नाही. उणे वीस तापमानात घसरपट्ट्या वितळू शकतात आणि इंजिन उकळू शकते. अशा पृष्ठभागावर हळू जाणे, अधूनमधून हिमाच्या थरावर गाडी उतरवणे, किंवा मुळात पंख्याने थंड होणारे इंजिन निवडणे, हे उपाय आहेत. तापमानाचा काटा पाहण्याची सवय यांपैकी कोणत्याही उपायाने सुटत नाही.

समुद्र किंवा तलावावरच्या बर्फाचे गणित आणखी वेगळे आहे. गोड्या पाण्याच्या स्वच्छ बर्फाची जाडी स्नोमोबाइलसाठी निदान १३ ते १८ सेंटिमीटर असावी, असे सांगतात. खारट समुद्रबर्फ कमजोर असल्याने तेथे याहून जास्त हवी. जाडीखेरीज वेगही महत्त्वाचा असतो, हे १९४१-४२च्या हिवाळ्यात कळले. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडला लाडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रक धान्य पोहोचवत होते. काही ट्रक जाताना भरलेले सुखरूप जात आणि परतताना, हलके असूनही, बुडत. तेथील पदार्थवैज्ञानिकांपैकी नाउम रेइनोव्ह यांनी बर्फाचे वाकणे नोंदवणारे उपकरण बनवले, आणि कारण सापडले. गाडीखाली बर्फ किंचित दबतो आणि पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग या लाटेच्या वेगाशी जुळला की लाट विरून जात नाही, गाडीसोबत वाढत राहते. उथळ पाण्यात हा वेग गुरुत्वीय त्वरण व खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ इतका असतो. खोली दहा मीटर धरून करून पाहा : ताशी सुमारे ३६ किलोमीटर येतात. स्नोमोबाइल ट्रकच्या मानाने हलकी असते, पण मागे लादलेली घसरगाडी आणि वसंतातला पातळ बर्फ असेल, तर हा आकडा विसरून चालत नाही. दोन गाड्यांनी शेजारी-शेजारी जाऊ नये, अंतर राखावे, हेही त्यातूनच येते.

दोराची गोष्ट राहिली. १९५७-५८ मध्ये एडमंड हिलरी शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर दक्षिण ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधले होते. एक खचला तर बाकीचे त्याला धरतील, हा कुत्र्यांच्या ताफ्याचाच हिशेब. ४ जानेवारी १९५८ रोजी ते ध्रुवावर पोहोचले. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या तुकड्याही हिमभेगांच्या प्रदेशात दोन स्किडू आणि त्यांच्यामधल्या घसरगाड्या एकाच लांब दोराने जोडून, दोर फार ढिला पडू न देता चालवतात. स्वारही गाडीशी जोडलेला असतो, पण एका वेगळ्या दोरीने : मनगटाला किंवा कमरेला अडकवलेली ही दोरी स्वार फेकला गेला की निसटते आणि इंजिन बंद करते. नवशिके ती नुसतीच हँडलला गुंडाळून ठेवतात. उतारावर निर्मनुष्य गाडी पळत गेली, तर तंबू, अन्न आणि रेडिओ तिच्यासोबत जातात. शिवाय उणे वीस तापमानात ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर उघड्या त्वचेला थंडी उणे चौतीस इतकी लागते. पायी परतणाऱ्याकडे वेळ फार नसतो.

म्हणून निघण्यापूर्वीचा विधी कंटाळवाणा असला तरी टाळत नाहीत. गतिदायक दाबून सोडला की तो आपोआप परततो का, हे इंजिन सुरू करण्याआधी पाहायचे, कारण त्याच्या तारेत रात्री बर्फ धरलेला असू शकतो. गाडीचा मागचा भाग उचलून आधारावर ठेवायचा आणि पट्टा हळूहळू फिरवून त्यात अडकलेले बर्फ झाडायचे. त्या वेळी मागे कोणी उभे राहायचे नाही, कारण सुटलेला खडा गोफणीसारखा येतो. गतिपरिवर्तक पुल्यांवरचा रबरी बेल्ट चिरला आहे का पाहायचे आणि एक जादा बेल्ट सोबत घ्यायचा. तंबूच्या किंवा खोपटाच्या दाराशी इंजिन चालू ठेवायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेतील बाष्प गोठून पेट्रोलमध्ये उतरत नाही. आणि भरताना खाली ताट ठेवायचे, कारण तेथे सांडलेले इंधन कोणताही पाऊस धुऊन नेत नाही. शेवटी स्की आणि पट्टा लाकडी फळ्यांवर चढवायचे. दिवसभर तापलेला पट्टा उघड्या बर्फावर ठेवला, तर त्याखालचे पाणी रात्रीत गोठते आणि सकाळी गाडी सोडवायला कुदळ घ्यावी लागते.