दिव्याचे खाजण

मुंब्र्याचा डोंगर मागे पडून गाडी दिव्याच्या अंगाने निघाली आणि वारा खाडीकडचा असला, म्हणजे डब्यातली माणसे संभाषण न थांबविता नाकाला रुमाल लावीत, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात कोणाला काही विशेष वाटत असेल असे मला आता वाटत नाही. ठाणे शहराचा कचरा दिव्याला जातो, आणि दिवा म्हणजे तरी काय, खाडीकाठची दलदल, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ होऊन बसली होती. ही समजूत निसर्गाने घडविलेली नाही. ती सरकारी दप्तराने घडविली आहे, आणि तिचा इतिहास पुष्कळ जुना आहे.

दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही आगरी-कोळ्यांची गावे. आगरी हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आले, असे परंपरेने मानतात. या लोकांनी भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाजणातून भाताची शेते निर्माण केली, आणि ती कशी केली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आधी खाडीच्या चिखलाचा आणि दगडाचा बांध घालावयाचा. काही पावसाळे नुसत्या गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढावयाचे. मग कुठे तांबड्या दाण्याचा, खारेपणा सोसणारा राता भात पेरावयाचा. खाऱ्या जमिनीला नांगर लागत नसे की राब भाजावा लागत नसे. मोड आलेले बी चिखलावर फेकले की झाले. बांधाच्या पोटात लाकडी झडपेची उघाडी बसविलेली असे. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती झडप आपोआप घट्ट मिटे, आणि ओहोटी लागून आतले पाणी वरचढ झाले की तितक्याच निमूटपणे उघडे. एवढे साधे यंत्र, पण शेकडो बिघ्यांचे पीक त्याच्या भरवशावर उभे असे. बांधाला खांड पडली तर ती रात्रीच बुजवावी लागे, कारण पुढची भरती कोणाची वाट पाहत नाही. आणि एकदा खारे पाणी शेतात फिरले की त्या वर्षाचेच नव्हे, पुढच्या वर्षांचेही पीक गेले. तेव्हा घरटी माणूस बांधावर जाणे हा तेथील रिवाज होता. बांधाबाहेरच्या तिवरांत चिंबोऱ्या, कोलंबी, निवट्या मिळत. त्यांवर बायकांचा बाजार चाले.

जुन्या अमदानीत सरकारला या कष्टांची किंमत निदान वसुलापुरती तरी कळत होती. 1737 साली ठाणे मराठ्यांकडे आले. मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल मिळे आणि इस्ताव्याने, म्हणजे आरंभी थोडा व वर्षागणिक चढता, सारा ठरे. त्यात दयाबुद्धी होती असे मी म्हणत नाही. खाजणाचे शेत होऊ शकते, इतकी ओळख मात्र होती.

इंग्रजी अमलात ती ओळख बुजत गेली. 1 मे 1854 रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत धावू लागली, तिचा भराव या सखल टापूतूनच गेला. 1879 च्या महसुली कायद्याने, ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची मालकी शाबीत होत नाही ती सरकारची, असे स्पष्ट ठरविले. बांध घातलेल्या खारजमिनीचा आकार, म्हणजे सारा, बसला, खातेदार नोंदले गेले; परंतु बांधाबाहेरचे खाजण, जेथे चिंबोऱ्या-निवट्या धरून एखादी कोळीण चार पैसे मिळवी, त्याच्या वहिवाटीला दप्तरात रकाना नव्हता. ज्याचा आकार नाही, ते ओसाड. आणि जे ओसाड, ते कोणीही वापरावे. पुढचे सारे अनर्थ या एका अनुमानातून निघाले, असे माझे मत आहे.

स्वराज्यानंतर खारजमिनींसाठी 1948 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये कायदे झाले. तोपर्यंत तरुण मंडळी गिरण्यांत, रेल्वेत आणि 1964 नंतर डोंबिवलीच्या कारखान्यांत जाऊ लागली होती. बांधावर जाणारी माणसे उरली नाहीत. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि दिवा शहराच्या हद्दीत आला. योगायोग पाहा: त्याच सुमारास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील वॉरेन परगण्यात विषारी मातीचा साठा आपल्या माथी मारला जाऊ नये म्हणून काळे लोक रस्त्यावर आडवे पडले होते. वाईट वस्तू दुबळ्याच्या दारात का जातात, हा प्रश्न तेथून जगभर विचारला जाऊ लागला. दिव्यात तो विचारणाऱ्यांना सोपे उत्तर मिळाले नाही. कारण खाजणात भराव टाकून चाळी उठविणाऱ्यांत काही भूमिपुत्रही होते, आणि कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेली, स्वस्त खोलीच्या शोधातली माणसे त्या चाळींत राहावयास आली होती. शहराच्या कचऱ्याच्या ढिगाचा धूर दोघांच्याही छातीत सारखाच जाई, पण गाऱ्हाणे दोघे वेगवेगळे मांडीत.

6 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांत राडारोडा व कचरा टाकणे तत्काळ थांबवा, असा आदेश दिला. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात त्याच न्यायालयाने कांदळवनांचा विध्वंस हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग होय, असे ठरविले. मधल्या काळात दिव्याच्या ‘डंपिंग’वर गाड्या रित्या होत राहिल्या, उन्हाळ्यात ढीग पेटत राहिले. निकालपत्र आणि कचऱ्याची गाडी यांची भेट क्वचितच होते.

2023 च्या आरंभी दिव्याचे डंपिंग बंद झाले. दिवेकरांनी समाधान मानले, आणि ते साहजिकच होते. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. त्या भंडार्लीकडे वळल्या, आणि तेथून पुढे डायघरकडे. ही गावेही मुख्यत्वे आगऱ्यांचीच आहेत.