अंड्याची लांबी, रुंदी, वजन मोजा. प्रतवारी अन् उबवणीसाठी निवड नेमकी करा

सांगली जिल्ह्यातील विटा परिसरात व्यावसायिक लेअर फार्म आहेत, तर माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत परसातील कोंबडीपालन घरोघरी दिसते. दोन्हीकडे अंडी नगावर विकली जातात. त्यामुळे ४२ ग्रॅम आणि ५६ ग्रॅमच्या अंड्याला अनेकदा एकच दर मिळतो. उबवणीसाठीही हाताला येतील ती अंडी वापरली जातात आणि पिले कमी निघतात. लांबी, रुंदी आणि वजन ही तीन मापे नियमित घेतल्यास हे नुकसान टाळता येते.

मोजण्याची पद्धत

- महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, त्याच दिवशीची ३० अंडी (एक ट्रे) न निवडता घ्यावीत. अंडी कमी असल्यास सर्व मोजावीत.
- व्हर्निअर कॅलिपरने टोकापासून टोकापर्यंत लांबी व सर्वांत फुगीर भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. अंड्यावर दाब देऊ नये.
- कॅलिपर नसल्यास दोन सरळ लाकडी ठोकळ्यांमध्ये अंडे धरून ठोकळ्यांमधील अंतर पट्टीने मोजावे.
- वजन एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करावे.

आकार निर्देशांक

आकार निर्देशांक = रुंदी ÷ लांबी × १००

उदा. लांबी ५६ मि.मी., रुंदी ४२ मि.मी. असल्यास निर्देशांक ७५ येतो.

- ७२ ते ७६ : योग्य अंडाकृती
- ७२ पेक्षा कमी : लांबट. ट्रेमधून वर येते, वाहतुकीत लवकर फुटते.
- ७६ पेक्षा जास्त : गोलसर. ट्रेमध्ये नीट बसत नाही.

वजनानुसार प्रतवारी (ॲगमार्क)

- अतिमोठे : ६० ग्रॅम व अधिक
- मोठे : ५३ ते ५९ ग्रॅम
- मध्यम : ४५ ते ५२ ग्रॅम
- लहान : ३८ ते ४४ ग्रॅम

गावरान अंडी बहुतेक लहान गटात येतात. त्यांना वेगळा ग्राहक असतो, त्यामुळे ती लेअरच्या अंड्यांत मिसळू नयेत.

ताजेपणाचा अंदाज

साठवणीत अंड्यातील पाणी उडून वजन घटते, मापे मात्र तीच राहतात. लांबी × रुंदी × रुंदी (सें.मी.) × ०.५५ या सूत्राने ताज्या अंड्याचे वजन काढता येते. वरील उदाहरणात ५.६ × ४.२ × ४.२ × ०.५५ = सुमारे ५४ ग्रॅम. काट्यावर ४८ ग्रॅमच भरले, तर ते अंडे शिळे समजावे. अंदाजात एक-दोन ग्रॅमचा फरक धरावा.

उबवणीसाठी निवड

- जातीच्या सरासरी वजनाच्या जवळची, ७२ ते ७६ निर्देशांकाची अंडी घ्यावीत.
- फार मोठी (बहुधा दोन बलकांची), फार लहान, गोल, लांबट, तडकलेली अंडी खाण्यासाठी वापरावीत.
- सात दिवसांपेक्षा जुनी अंडी टाळावीत. साठवताना रुंद बाजू वर ठेवावी.
- खुडूक कोंबडीखाली तिच्या अंगाखाली झाकली जातील एवढीच, साधारण १० ते १२ अंडी ठेवावीत.

मापे बदलली तर काय पाहावे?

- नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी लहान असतात. वयानुसार वजन वाढते, म्हणून घाबरू नये.
- एप्रिल-मेमध्ये उष्णतेने कोंबड्या खाद्य कमी खातात आणि धापा टाकतात. त्यामुळे अंडी लहान व पातळ कवचाची होतात. थंड पाणी, सावली द्यावी. खाद्य सकाळी लवकर व सायंकाळी द्यावे.
- कवच पातळ असल्यास शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी.
- वेड्यावाकड्या, सुरकुतलेल्या कवचाची अंडी एकाएकी वाढली, उत्पादन घटले आणि कोंबड्यांना शिंका, घरघर असेल, तर इन्फेक्शियस ब्राँकायटिसची शक्यता असते. अशा वेळी घरगुती औषधांत वेळ न दवडता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

वहीत तारीख, सरासरी वजन, सरासरी निर्देशांक आणि ३० पैकी सदोष अंडी किती, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. तीन-चार महिन्यांच्या नोंदी असतील, तर व्यापाऱ्याशी दर ठरवताना आणि पशुवैद्यकाला अडचण सांगताना त्याच उपयोगी पडतात.