पांढरीची भेंडं

पाय चिखलात पिंडरीपर्यंत रुतलेत आणि सकाळ असूनही ऊन पाठीवर बसलंय. साल 1938, वैशाख. गाव बावडा, तालुका इंदापूर. दक्षिणेला नीरा, आणि समोर तुमच्याकडे बघून हसणारा एक गवंडी.

"पाव्हणं, पाय नुस्तं उचलू नगा. टाचंवर फिरवा."

तुम्ही टाच फिरवता. बाजरीचं भुसकट तळव्याला टोचतं. गारा काल दिवस मावळताना भिजत घातलेला. ढिगाला आळं करून पाणी सोडलं, रात्रभर मुरू दिलं, पहाटे भुसकट मिसळलं. आता तुडवणं. किती वेळ? गवंडी घड्याळ सांगत नाही. चिखल पायाला धरायचा थांबला, पाय उचलताना स्वच्छ सुटू लागला, की झालं म्हणतो. तासाभराने तुमचा पाय सुटतो. मांड्या मात्र धरलेल्या.

माती शेतातली नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची भिंत पहिल्याच उन्हाळ्यात तोंड वासते. ही पांढरी. गावठाणातली, याच जागेवरच्या पडक्या भिंतींची. आजोबांचं घर ढासळलं, त्याचा ढीग झाला. तोच ढीग खणून आता नातवाचं घर उठतंय. गावाला पांढर म्हणतात ते उगाच नाही.

साचा लाकडी, बिनबुडाचा. आधी पाण्यात बुचकळायचा, मग आतून राख भुरभुरायची. दोन्ही ओंजळींत मावेल त्याहून मोठा गोळा घ्यायचा आणि आपटायचा. ठेवायचा नाही, आपटायचा. नाहीतर कोपऱ्यात हवा राहते. मग मुठीने कोपरे दाबायचे, ओल्या हाताने वरची बाजू सपाट करायची, साचा सरळ वर. तुमचा साचा तिरका उचलला जातो आणि भेंड्याचा, म्हणजे कच्च्या विटेचा, कान तुटतो. पोरं खिदळतात. दुसऱ्याचाही तुटतो. 1956 च्या सुमारास कोलंबियात राउल रामिरेझ नावाचा इंजिनिअर लांब दांडा ओढून माती दाबायचं लोखंडी यंत्र काढणार आहे आणि ते जगभर जाणार आहे. इथे सगळा दाब मनगटाचा, आणि तुमचं मनगट कागद उलटण्यापलीकडे कशाला सरावलेलं नाही.

सातवा भेंडा जमतो.

आठव्याच्या गोळ्यात काहीतरी कडक लागतं. बोटभर खापर, काळं, एका कडेला काजळी. पाणी घेऊन आलेल्या म्हातारीला दाखवता. ती अंगठ्याने चिखल पुसते. "माझ्या आज्जेसासूच्या चुलीवरचं आसंल. न्हायतर तिच्या सासूच्या." आणि खापर परत गाऱ्यात टाकून देते. जपून ठेवावं असं तिला त्यात काही दिसत नाही. तीस वर्षांनी, 1968 मध्ये, डेक्कन कॉलेजची माणसं शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला खणायला बसतील आणि असल्याच मातीच्या थरांतून घरांवर घरं काढतील. सर्वांत खालची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. ती मंडळी असं प्रत्येक खापर जपून ठेवतील.

कालचे भेंडे कडेवर उभे करायची वेळ झाली. एकाच अंगाला पडून राहिले तर वरून वाळतात, खालून ओले राहतात आणि वाकडे होतात. घाई आहे. मृगाच्या आत भिंतींवर माळवद चढलं पाहिजे, कारण आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून याच वाटेने सराटीकडे जाते आणि वारकरी टेकायला येतात. तयार असलेल्या दोन खणांवर तुळया बसल्या आहेत. त्यांवर किलच्या, वर पाला, त्यावर पांढरीचा जाड थर. साण्यातून उजेडाचा एक चौकोन खाली पडलाय. आत शिरता तेव्हा अंगावरचा घाम गार होतो. वैशाखात, दुपारी.

वालचंदनगरला साखर कारखाना होऊन थोडीच वर्षं झालीत. तिथल्या पक्क्या विटा आणि पत्र्यांच्या गोष्टी गवंडी ऐकून आहे. "पत्र्याखाली माणूस भाजतंय," एवढंच त्याचं मत. ते खरंच आहे. पण तुम्ही वर बघता तेव्हा तुम्हाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडणार, छताचं ओझं वाढत जाणार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि असल्याच जड छतांनी झोपलेल्या माणसांना गाडलं, आणि त्यानंतर माळवदाखाली पाठ टेकताना लोकांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हे गवंड्याला सांगावंसं वाटतं. तो तेव्हा भेंड्यावर नख मारून आवाज ऐकत असतो.

डोळे मिटून उघडता तर जेसीबीची घरघर. तीच जागा. शेजारी स्लॅबचा बंगला, आणि इथे उरलेली कमरेएवढी भिंत बकेटच्या एका ढकलीत आडवी. माती ट्रॉलीत भरली जातेय, उसाच्या रानात टाकायला. पांढरीने पीक जोर धरतं हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. ट्रॉलीच्या फळीशी अर्धा भेंडा अडकलाय, तुटक्या अंगातून बाजरीचं भुसकट बाहेर. एका कोपऱ्याचा कान नाही.

ड्रायव्हर खिडकीतून मान काढतो.

"भाऊ, तुमच्या रानात टाकू का येक खेप?"