पहिल्या प्रहराची झोप : प्रस्तावना

मोताळा तालुक्यात रब्बीचा हंगाम लागला की बऱ्याच घरांतल्या झोपेची वेळ लाईन ठरवते. कृषिपंपांचा थ्री-फेज पुरवठा आलटून-पालटून मिळतो, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला, मक्याला ओलीत करायला माणूस अंधारात शेतात जातो, मोटर सुरू करतो आणि बारे देत राहतो. ज्याच्या विहिरीत पाणी नाही त्याचीही सुटका नाही. रानडुकरे आणि रोही उभे पीक तुडवतात, म्हणून तो जागलीला जातो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या शिवारांत वर अस्वलाची धास्ती. हाच माणूस चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेला की डॉक्टर विचारतात, "झोप किती तास होते?" तो म्हणतो, "होते ना, पाच-सहा तास." उत्तर खरे असते, प्रश्न अपुरा असतो. हे पुस्तक त्या अपुऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

झोपेला आतली रचना असते, हे मेंदूचे विद्युत आलेख हाती येईपर्यंत मोजता येत नव्हते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी नोंदवला. १९३७ मध्ये अमेरिकेत लूमिस, हार्वे आणि होबार्ट यांनी त्याच तंत्राने झोपेच्या पायऱ्या मांडल्या. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना झोपेत बुबुळे झपाट्याने हलण्याचे टप्पे सापडले, ती रेम झोप. स्वप्नांशी नाते असल्याने सगळे कुतूहल तिकडे वळले आणि रात्रीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग 'उरलेली झोप' म्हणून मागे पडला. आपल्याकडे मांडूक्योपनिषदाने स्वप्नावस्था आणि सुषुप्ती वेगळ्या मानल्या, चरकाने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. ही जाण आदराने लक्षात ठेवावी. तिच्यावरून 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणायची घाई मात्र करू नये, कारण मोजमाप ही निराळी मेहनत आहे.

नॉन-रेम झोपेचे आज तीन टप्पे मानतात. पहिला टप्पा डुलकीचा, काही मिनिटांचा; त्यातून उठवलेला माणूस पुष्कळदा "मी झोपलोच नव्हतो" म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात रात्रीचा जवळजवळ अर्धा वेळ जातो. ईईजीवर अर्ध्या सेकंदापासून दोनेक सेकंदांपर्यंतचे वेगवान झुबके दिसतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. तिसरा टप्पा गाढ झोपेचा. जागेपणी मेंदूच्या पेशींची बडबड आठवडी बाजारातल्या गलक्यासारखी असते. गाढ झोपेत त्याच पेशी टाळकऱ्यांसारख्या एका ठेक्यावर येतात, लाखोंनी एकदम गप्प होतात आणि एकदम बोलतात. म्हणून आलेखावर उंच, संथ लहरी उमटतात, सेकंदाला एखाद-दुसरी.

या गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो. माणूस जितका जास्त वेळ जागा राहील तितकी तिची मागणी वाढते. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीचा हा एक पाय, दुसरा पाय शरीरातल्या घड्याळाचा. पहाटेची साखरझोप कितीही गोड लागो, तिच्यात गाढ टप्पा थोडा आणि रेम जास्त असते. म्हणजे नऊला निजून दोनला मोटरीवर गेलेला शेतकरी आपल्या गाढ झोपेचा बराचसा वाटा पदरात पाडून जातो. ज्याची लाईन रात्रभर ट्रिप होते, त्याची स्थिती वाईट. स्टार्टरला ऑटो बसवला तरी मोटर तेवढी सुरू होते, पाणी पुढच्या सरीत वळवायला माणूसच लागतो. दर वेळी उठला की त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून उतरावे लागते.

तास तेवढेच ठेवून फक्त गाढ टप्पा काढून घेतला तर काय होते? हा प्रश्न शिकागो विद्यापीठात एस्रा तसाली आणि सहकाऱ्यांनी थेट प्रयोगाने विचारला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नऊ निरोगी तरुण होते. तीन रात्री, आलेखावर संथ लहरी दिसू लागल्या की खोलीत आवाज सोडायचा. आवाज एवढाच की लहरी मोडाव्यात, माणूस जागा होऊ नये. झोपेचे एकूण तास जवळपास बदलले नाहीत. तरीही तिसऱ्या रात्रीनंतर त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घसरला होता. माणसे थोडी होती आणि रात्री तीनच, हे विसरू नये. पण या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा कोणता शोधनिबंध वाचावा असे विचारले, तर मी हाच पुढे करीन.

शरीराच्या बाकीच्या हिशेबांकडे पुढची प्रकरणे सविस्तर वळतील. पहिल्या गाढ झोपेबरोबर वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाट येते. हृदयाची गती मंदावते, निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतो. वय वाढते तशी गाढ झोप आटत जाते, त्यामुळे "म्हाताऱ्यांना झोप कमी लागते" या समजाची बारकाईने तपासणी करायला हवी.

एका वादाची कल्पना आधीच दिलेली बरी. झोपेत मेंदू धुतला जातो, असे हल्ली जो तो सांगतो. त्याचे मूळ माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांवर केलेल्या कामात आहे. २०१९ मध्ये बॉस्टनमधल्या गटाने माणसांच्या नॉन-रेम झोपेत मेंदूभोवतीच्या द्रवाच्या मोठ्या लाटा टिपल्या. पण २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाला उंदरांत उलटेच दिसले, झोपेत निचरा कमी झालेला. या पुस्तकात दोन्ही बाजू आहेत. ज्यांना ठाम निकाल हवा त्यांनी थोडा धीर धरावा.

भारतातले काम थोडे असले तरी वजनदार आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये बिंदू कुट्टी यांच्या गटाला मध्यमवयीन विपश्यना साधकांत गाढ झोप त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त टिकलेली आढळली. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे ही साधना मराठी माणसाला परकी नाही. ध्यानामुळे झोप सुधारली की मुळात शांत झोपणारेच ध्यानाला बसतात, हे अशा तुलनेतून ठरत नाही. चेन्नईत अर्थतज्ज्ञांनी कष्टकऱ्यांच्या मनगटावर यंत्रे बांधली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसे आठ तास अंथरुणावर होती, झोप साडेपाचच तास होती आणि तीही तुकड्यातुकड्यांची. रात्रीची झोप अर्ध्या तासाच्या आसपास वाढवूनही कामात फरक पडला नाही. दुपारच्या डुलकीने मात्र पडला. मनगटावरचे यंत्र टप्पे नेमके दाखवत नाही, त्यामुळे वाढलेल्या वेळात गाढ झोप किती होती हे त्यातून कळत नाही.

मोताळ्याच्या शेतापर्यंत ईईजी अजून यायचा आहे. २०१६ मध्ये मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि आवाजाला लवकर दचकतो. जागलीच्या माचणावर वर्षानुवर्षे निजणाऱ्याला जागा अनोळखी नसते, धोका मात्र रोजचा असतो. त्याचा मेंदू काय करतो, हा पीएचडीचा विषय आहे आणि तो घेणाऱ्याला शिकागोला जायची गरज नाही. सरकारने २०१७ पासून आणलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ओलीत दिवसावर आणू पाहते. ज्या फिडरवर दिवसाची लाईन आली आणि ज्यावर अजून आली नाही, अशा शेजारच्या दोन गावांची तुलना करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

विद्यार्थ्यांनी टप्प्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, डॉक्टरांनी इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या. इतरांनी आधी पंधरा दिवस एक वही ठेवावी : कधी निजलो, कितीदा उठलो, कशाने उठलो, लाईन कोणत्या पाळीची होती. ती वही जवळ ठेवून पुस्तक कुठूनही उघडले तरी चालेल.